कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सर्वांसाठी न्याय : शक्यता व मर्यादा

भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांच्याआधी न्यायाचा उल्लेख येतो. सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय हे प्रजासत्ताकाने स्वीकारलेले पहिले उद्दिष्ट आहे. तथापि कायद्याने दिलेला हक्क आणि तो प्रत्यक्ष पदरात पडणे यांमध्ये मोठे अंतर असते. कायद्याचे अज्ञान, न्यायालयाची अपरिचित भाषा, वकिलाचे शुल्क, न्यायालयापर्यंतचा प्रवास आणि निकालाची दीर्घ प्रतीक्षा या कारणांमुळे सामान्य नागरिक अनेकदा न्यायव्यवस्थेच्या दारापर्यंतही पोहोचत नाही. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनांमुळे हे अंतर कमी होण्याची शक्यता निर्माण झाली आहे. या साधनांनी नेमके काय स्वस्त व सुलभ होते आणि काय होत नाही, याचा विचार येथे केला आहे.

संवैधानिक व कायदेशीर पार्श्वभूमी

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३९-अ समाविष्ट करण्यात आला. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणत्याही नागरिकाला न्याय मिळवण्याची संधी नाकारली जाऊ नये, यासाठी राज्याने मोफत कायदेविषयक साहाय्याची व्यवस्था करावी, असे हा अनुच्छेद सांगतो. हे मार्गदर्शक तत्त्व असले, तरी न्यायालयांनी त्याला अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडले. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) आणि हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य (१९७९) हे या संदर्भातील महत्त्वाचे निर्णय होत. बिहारमधील तुरुंगांत अनेक कैदी त्यांच्या कथित गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ खटल्याविना बंदिस्त असल्याचे हुसैनारा खातून प्रकरणातून उघड झाले होते.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार राष्ट्रीय, राज्य, जिल्हा व तालुका अशा स्तरांवर विधी सेवा यंत्रणा उभी राहिली. या अधिनियमाच्या कलम १२ अन्वये महिला व बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त, मानवी व्यापाराचे बळी आणि कोठडीतील व्यक्ती मोफत साहाय्यास पात्र आहेत. या घटकांसाठी उत्पन्नाची अट नाही, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. इतरांसाठी मात्र विहित उत्पन्नमर्यादा लागू होते.

अनिता कुशवाहा विरुद्ध पुष्प सूदन (२०१६) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने न्याय मिळण्याचा हक्क हा अनुच्छेद १४ व २१ यांचा भाग असल्याचे स्पष्ट केले. न्यायनिवाड्याची परिणामकारक यंत्रणा, ती अंतराच्या दृष्टीने वाजवी आवाक्यात असणे, प्रक्रियेतील गती आणि परवडणारा खर्च असे या हक्काचे चार घटक न्यायालयाने सांगितले. कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाचे मूल्यमापन याच चार घटकांच्या आधारे करणे उचित ठरते.

अडथळ्यांचे स्वरूप

देशातील सर्व न्यायालयांत मिळून ५ कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. विधी आयोगाने १९८७ मधील आपल्या १२० व्या अहवालात दहा लाख लोकसंख्येमागे न्यायाधीशांची संख्या ५० पर्यंत नेण्याची शिफारस केली होती. त्या उद्दिष्टापासून देश अद्याप दूर आहे.

दुसरा अडथळा भाषेचा आहे. अनुच्छेद ३४८ नुसार, संसदेने कायद्याद्वारे अन्यथा तरतूद करेपर्यंत, सर्वोच्च न्यायालय व उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपाल उच्च न्यायालयातील कामकाजासाठी हिंदी किंवा राज्याच्या राजभाषेस परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहार या राज्यांत हिंदीच्या वापरास अशी परवानगी मिळाली आहे. अन्यत्र पक्षकाराला स्वतःच्याच प्रकरणाचा निकाल दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो.

तिसरा अडथळा खर्चाचा होय. वकिलाच्या शुल्काबरोबरच टंकलेखन, भाषांतर, नकला, प्रवास आणि प्रत्येक तारखेला बुडणारी मजुरी यांचा भार पक्षकारावर पडतो. मोफत वकील मिळाला, तरी यांतील काही भार शिल्लक राहतो.

कायदेविषयक सेवेचे चार टप्पे

‘कायदेविषयक सेवा’ या एकाच संज्ञेत वस्तुतः चार वेगवेगळी कामे येतात : माहिती, सल्ला, प्रतिनिधित्व आणि निर्णय. आपल्याला कोणता हक्क आहे हे कळणे ही माहिती. आपल्या विशिष्ट परिस्थितीत काय करावे हे ठरवणे हा सल्ला. न्यायालयापुढे आपली बाजू मांडली जाणे हे प्रतिनिधित्व, तर वादाचा निवाडा होणे हा निर्णय. पहिल्या टप्प्याकडून चौथ्याकडे जाताना चुकीची किंमत वाढते आणि उत्तरदायी व्यक्तीची गरजही वाढते. म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग पहिल्या टप्प्यावर सर्वाधिक आणि चौथ्या टप्प्यावर सर्वांत मर्यादित असणे इष्ट आहे.

माहिती : भाषेची भिंत ओलांडताना

भारतीय भाषांमधील अनुवाद व वाणी-ओळख यांसाठी केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम हाती घेतला असून जुलै २०२२ मध्ये गांधीनगर येथे त्याचा प्रारंभ झाला. याच धर्तीवर २०२३ मध्ये ‘जुगलबंदी’ हा संवादक विकसित करण्यात आला आणि हरियाणातील ग्रामीण भागात त्याचा प्रयोग झाला. शासकीय योजनांची माहिती भ्रमणध्वनीवरून, नागरिकाच्या भाषेत देणे हा त्याचा हेतू होता.

अशा साधनाची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. नागरिक आपला प्रश्न बोलून विचारतो. त्या बोलण्याचे लेखी मजकुरात रूपांतर होते, आवश्यकतेनुसार त्याचा अनुवाद केला जातो आणि नंतर ठरावीक, विश्वसनीय कागदपत्रांच्या संग्रहातून संबंधित भाग शोधला जातो. त्या भागाच्या आधारे तयार झालेले उत्तर पुन्हा नागरिकाच्या भाषेत, आवाजाच्या स्वरूपात त्याच्यापर्यंत पोहोचते. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीलाही अशी सेवा वापरता येते, हे तिचे मोठे सामर्थ्य आहे. उदाहरणार्थ, पतीने घराबाहेर काढलेल्या स्त्रीला पोटगी मागता येते, त्यासाठी मोफत वकील मिळतो आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही मदतवाहिनी उपलब्ध आहे, एवढी माहितीही तिच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकते.

न्यायालयीन अनुवादाच्या क्षेत्रात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ ही प्रणाली सुरू केली. इंग्रजी न्यायनिर्णयांचा मराठीसह विविध भारतीय भाषांत अनुवाद करण्यास ती साहाय्य करते. डिसेंबर २०२३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयाचे ३१ हजारांहून अधिक अनुवादित निर्णय १६ भाषांत उपलब्ध झाले होते. मात्र यंत्राने केलेला अनुवाद भाषांतरकारांकडून तपासून घ्यावा लागतो. न्यायालयाच्या भाषेत ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपील करण्यास अनुमती. संदर्भ न उमगल्यास यंत्र त्याचे भाषांतर ‘रजा मंजूर’ असेही करू शकते. म्हणूनच अनुवादित निर्णय पक्षकाराला समजण्यासाठी असतो आणि कायदेशीरदृष्ट्या मूळ इंग्रजी निर्णयच अधिकृत मानला जातो.

सल्ला : विश्वासाचा व गोपनीयतेचा प्रश्न

सल्ल्याच्या टप्प्यावर परिस्थिती बदलते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २९ नुसार वकिली व्यवसायाचा हक्क केवळ अधिवक्त्यांना आहे. भारतीय वकील परिषद विरुद्ध ए. के. बालाजी (२०१८) या निर्णयात, न्यायालयात उभे राहण्यापुरतीच नव्हे, तर कायदेशीर मत देणे किंवा दस्तऐवज तयार करणे अशी न्यायालयाबाहेरची कामेही वकिलीच्या व्यवसायात मोडतात, असे स्पष्ट झाले. अधिवक्ता व्यावसायिक शिस्तीने बांधलेला असतो आणि गैरवर्तन केल्यास वकील परिषद त्याच्यावर कारवाई करू शकते. यंत्राबाबत असे उत्तरदायित्व अस्तित्वात नाही.

गोपनीयतेचा मुद्दाही तितकाच गंभीर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ अन्वये पक्षकाराने आपल्या वकिलाला सांगितलेली गोष्ट, काही अपवाद वगळता, पक्षकाराच्या संमतीविना उघड करता येत नाही. हे संरक्षण वकील व पक्षकार यांच्या नात्याला आहे. संगणकीय संवादकाजवळ मोकळेपणाने सांगितलेल्या गोष्टीला तसे संरक्षण मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ व नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याखालील नियम वैयक्तिक माहितीच्या वापराला मर्यादा घालतात. तथापि ते वकील-पक्षकार गोपनीयतेची जागा घेऊ शकत नाहीत.

या दृष्टीने २०१७ मध्ये सुरू झालेली टेलि-लॉ योजना मार्गदर्शक आहे. सामायिक सेवा केंद्रातून, दूरध्वनी किंवा दृक्-श्राव्य माध्यमाद्वारे नागरिकाची नामिकेवरील वकिलाशी गाठ घालून दिली जाते. येथे तंत्रज्ञान अंतर कमी करते, पण सल्ला वकीलच देतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने नागरिकाचे म्हणणे त्याच्या भाषेत नोंदवून घ्यावे, त्याची घटनाक्रमानुसार मांडणी करावी आणि वकिलापुढे ठेवावी, अशी जोड या व्यवस्थेला दिल्यास एका वकिलाला अधिक नागरिकांना वेळ देता येईल.

प्रतिनिधित्व : खर्च कोठे वाचतो ?

वकिलाच्या कामाचा मोठा भाग वाचन, पूर्वनिर्णयांचा शोध, मसुदालेखन आणि कागदपत्रांची जुळवाजुळव यांत जातो. ही कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कमी वेळात होऊ शकतात. न्यायालयीन कार्यालयांतही असा उपयोग सुरू झाला आहे. दाखल झालेल्या प्रकरणांतील त्रुटी शोधण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने नमुना प्रणाली विकसित केली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये, महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या प्रकरणाची सुनावणी घटनापीठापुढे चालू असताना, मौखिक युक्तिवादाचे यंत्रसाहाय्याने लेखन करण्याचा प्रयोग सर्वोच्च न्यायालयात प्रथम करण्यात आला.

ई-न्यायालये प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार वर्षांसाठी मंजूर केलेल्या ७,२१० कोटी रुपयांपैकी ५३.५७ कोटी रुपये कृत्रिम बुद्धिमत्ता व ब्लॉकचेनसारख्या भावी तंत्रज्ञानासाठी आहेत. हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. अभिलेखांचे अंकीकरण, जोडणी व ई-दाखला सुविधा यांचा पाया भक्कम झाल्याशिवाय त्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेची इमारत उभी राहू शकत नाही, ही बाब या तरतुदीच्या मांडणीतून सूचित होते.

येथे एका आर्थिक प्रश्नाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. वकिलाचा वेळ वाचला म्हणजे पक्षकाराचा पैसा आपोआप वाचतो, असे नाही. बचतीचा लाभ मोठ्या विधी संस्थांपुरता मर्यादित राहिल्यास साधनसंपन्न व दुर्बल पक्षकार यांच्यातील दरी उलट रुंदावेल. त्यामुळे अशी साधने सर्वप्रथम विधी सेवा प्राधिकरणांच्या नामिकेवरील वकिलांना आणि मोफत बचाव वकिलांच्या कार्यालयांना उपलब्ध होणे महत्त्वाचे आहे.

निर्णय : मानवी विवेकाचे क्षेत्र

न्यायाधीशांना संशोधनासाठी मदत करणारी ‘सुपेस’ ही प्रणाली सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सादर केली. प्रकरणातील माहिती शोधणे व संबंधित कायदा पुढे ठेवणे हे तिचे काम. निर्णय देणे हे तिचे काम नाही, ही सीमा प्रारंभापासूनच आखण्यात आली होती. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचे धोरण जाहीर केले. निष्कर्ष, दिलासा, आदेश किंवा न्यायनिर्णय ठरवण्यासाठी ही साधने वापरण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यातही न्यायदानात न्यायिक प्राधिकरणांना साहाय्य करणाऱ्या प्रणालींचा समावेश ‘अतिजोखमी’च्या वर्गात करण्यात आला आहे.

या सावधगिरीला ठोस कारण आहे. विशाल भाषा प्रारूपे वाचलेल्या मजकुरातील आकृतिबंधांवरून पुढील शब्दाचा अंदाज बांधतात. विधान सत्य आहे किंवा नाही, याची पडताळणी त्या प्रक्रियेत अंतर्भूत नसते. त्यामुळे अस्तित्वात नसलेले निवाडेही अस्सल वाटावेत अशा स्वरूपात समोर येतात. न्यूयॉर्कमधील एका प्रकरणात अशा काल्पनिक निवाड्यांचा आधार घेतल्याबद्दल जून २०२३ मध्ये न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. भारतातही एका करनिर्धारण आदेशात अस्तित्वात नसलेल्या निर्णयांचा आधार घेतल्याचे आढळल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तो आदेश रद्द केला आणि यंत्राने पुरवलेली माहिती पडताळून पाहण्याचे कर्तव्य अधोरेखित केले. साधनसंपन्न पक्षकार अशा चुकीविरुद्ध वरिष्ठ न्यायालयात जाऊ शकतो. ज्याच्यासाठी स्वस्त सेवा हाच एकमेव पर्याय आहे, त्याला ती चूक कदाचित कळणारही नाही. म्हणूनच स्वस्त सेवेच्या अचूकतेची कसोटी अधिक कठोर असली पाहिजे.

खरी कसोटी : कच्चे कैदी

सुलभ न्यायाची कसोटी सर्वांत दुर्बल व्यक्तीच्या संदर्भात लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, कच्चे कैदी होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४७९ नुसार, संबंधित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत घालवलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर आणि यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कैद्याला एक-तृतीयांश काळानंतर बंधपत्रावर मुक्त करण्याची तरतूद आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र गुन्हे यातून वगळले आहेत. तसेच एकापेक्षा अधिक गुन्ह्यांचे तपास किंवा खटले प्रलंबित असल्यास हा लाभ मिळत नाही. पात्रतेची मुदत पूर्ण होताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी या कलमाने तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे.

अशा पात्र कैद्यांची यादी तयार करणे हे मुख्यतः नोंदी जुळवण्याचे व दिवस मोजण्याचे काम आहे. मुदत मोजण्यास साधी संगणकप्रणालीही पुरेशी आहे. विखुरलेल्या आरोपपत्रांतून व कोठडीच्या आदेशांतून कलमे आणि तारखा वेचून काढण्यास कृत्रिम बुद्धिमत्ता उपयुक्त ठरू शकते. अशी यादी दर आठवड्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेली, तर पात्र असूनही कोणी विस्मरणात पडून राहणार नाही. मात्र यादीतील नावाची खातरजमा करणे, अर्ज करणे, जामिनाच्या अटी कैद्याच्या ऐपतीच्या आवाक्यात असाव्यात असा आग्रह धरणे आणि मुक्ततेचा आदेश देणे ही कामे अधीक्षक, वकील व न्यायाधीश यांचीच राहतील. तंत्रज्ञान व माणूस यांच्यातील योग्य श्रमविभागणीचे हे उत्तम उदाहरण ठरेल.

पुढील दिशा

पहिली आवश्यकता समान उपलब्धतेची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार २०१९-२१ या काळात ग्रामीण भागातील केवळ २४.६ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेटचा वापर केला होता. कायद्याने ज्यांना उत्पन्नाच्या अटीविना मोफत साहाय्य दिले आहे, त्यांच्यातीलच मोठा वर्ग डिजिटल सेवेच्या बाहेर राहण्याचा धोका यातून दिसतो. त्यामुळे सामायिक सेवा केंद्रे आणि विधी स्वयंसेवक यांचे जाळे बळकट करणे, तसेच पारंपरिक मार्ग खुले ठेवणे गरजेचे आहे.

दुसरी आवश्यकता विश्वसनीयतेची आहे. नागरिकांसाठीच्या प्रत्येक साधनाने उत्तराबरोबर कायद्याचे कलम व त्याचा स्रोत दाखवावा, आपली मर्यादा स्पष्ट सांगावी आणि प्रश्न गुंतागुंतीचा असल्यास नागरिकाला थेट वकिलाकडे पाठवावे. तिसरी आवश्यकता उत्तरदायित्वाची आहे. चुकीच्या माहितीमुळे हानी झाल्यास दाद कोणाकडे मागावी, हे निश्चित असले पाहिजे. चौथी बाब भाषिक समतेची. अनुसूचित भाषांबरोबरच आदिवासी भाषा व बोली यांतील सामग्री विकसित न केल्यास भाषेची जुनी भिंत नव्या रूपात उभी राहील.

घटनापीठाने सांगितलेल्या चार घटकांकडे पुन्हा पाहिल्यास चित्र स्पष्ट होते. अंतर, गती व खर्च या तीन बाबतींत कृत्रिम बुद्धिमत्ता भरीव साहाय्य करू शकते. न्यायनिवाड्याची परिणामकारक यंत्रणा हा पहिला घटक मात्र पुरेसे न्यायाधीश, सक्षम मोफत वकील आणि संवेदनशील प्रशासन यांवरच अवलंबून राहील. न्यायाधीशांची रिक्त पदे तशीच ठेवून केवळ संवादक उभारल्यास नागरिकाला आपला हक्क कळेल, पण तो मिळणार नाही. यंत्रामुळे वाचलेला वेळ व पैसा ज्यांच्या वाट्याला आजवर दोन्ही आले नाहीत अशा पक्षकारांसाठी खर्ची पडला, तर अनुच्छेद ३९-अ मधील आश्वासनाच्या पूर्ततेकडे देशाने टाकलेले ते एक ठोस पाऊल ठरेल.